एकट्यानं जायचंय, गावाला विचारून

उमरग्याला रेल्वे नाही. गावातून गुपचूप निघून जायचं झालं तर रस्त्यानंच जावं लागतं, आणि रस्त्यावर सगळं गाव बसलेलं असतं. पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हैदराबाद करत मच्छलीपट्टणच्या समुद्राला भिडणारा ६५ नंबरचा महामार्ग (जुन्या माणसांच्या तोंडी अजून नऊ नंबरच) आमच्या गावातून जातो. या महामार्गानं गावाला ढाबे दिले, टायरची दुकानं दिली, आणि कोण कुणाच्या गाडीवर बसून कोणत्या दिशेला गेलं याची बिनचूक खबर ठेवणारी माणसं दिली. अशा गावातून मोटरसायकलवर, आधी राजस्थानचं वाळवंट करून मग लडाखला, एकट्यानं जायचं मी ठरवलं. लडाख लोकांनी लगेच मान्य केलं. वाळवंटही चाललं. 'एकट्यानं' हे मात्र कुणाच्या गळी उतरेना.

"घरात भांडण झालंय का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, आवाज जरा खाली आणून, "कर्ज किती झालंय?"

चहाच्या टपरीवर एका ज्येष्ठांनी मला शास्त्रच समजावून सांगितलं. म्हणाले, "अरे, माणूस वर जातो तेव्हासुद्धा चौघं लागतात. तू लडाखला एकटा कसा जाणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चे गेव्हारा १९५२ साली मोटरसायकलवर दक्षिण अमेरिका बघायला निघाला तो मित्राला घेऊनच, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या बाजूला पुरावा कशाला द्या?

मी विम्याचा एजंट आहे. लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून द्यायची आणि त्यावर आपलं घर चालवायचं, असा हा धंदा. सप्टेंबर महिना निवडला त्यालाही धंद्याचंच कारण. सोयाबीन घरात येऊन विकलं जाईपर्यंत आमच्या तालुक्यात कुणाच्या खिशात हप्ता नसतो, आणि हप्ता मागायला आलेला एजंट कुणाला दिसत नाही. मनाली-लेह रस्ताही तेव्हा उघडा असतो. पण मी निघणार ही बातमी पसरली आणि उलटंच घडलं. ज्यांच्या दारात इतकी वर्षं चपला झिजवल्या, ते स्वतःहून घरी येऊन विचारू लागले, "तुमची स्वतःची किती लाखांची आहे? नॉमिनी कोण टाकलंय?" बायको आतून ऐकत होती. एका गृहस्थांनी तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हिशेब केला आणि जागेवर स्वतःची पॉलिसी काढली. एवढ्या सहज कुणी सही केल्याचं मला आठवत नाही.

मामांनी वर्तमानपत्राचं कात्रणच आणलं. एक मराठी तरुण मुंबईहून लंडनला मोटरसायकलवर गेला. सतरा देश, चोवीस हजारांवर किलोमीटर. चीन झालं, रशिया झालं, कुठं कुणी गाडीला हात लावला नाही. आणि २०२५च्या ऑगस्टअखेर इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या बागेजवळ उभी केली तर कुलूप तोडून चोरांनी गाडीच नेली. "बघ," मामा म्हणाले, "सायबाच्या देशात ही गत. तू तर दिल्लीकडनं जाणार." मी म्हटलं, माझी गाडी कुणी चोरणार नाही. यावर मामांनी गाडीकडे एकदा नीट बघितलं आणि कात्रण घडी करून खिशात ठेवलं.

गाडी म्हणजे जुनी स्प्लेंडर. सीसी सांगायचे तर ९७.२. तरण्या पोरांनी बुलेट सुचवली, हिमालयन सुचवली, गुडघ्याला बांधायची ढाल सुचवली. आमच्या मेस्त्रीनं मात्र माझी बाजू घेतली. "ही बंद पडली तर काश्मीरात बी दुरुस्त होती," तो म्हणाला. "हिला मेस्त्री लागत नाही, पाना लागतो." त्यानं क्लचची वायर, अ‍ॅक्सिलेटरची वायर, प्लग, चेनलॉक आणि एक ट्यूब बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, खारदुंगल्याच्या खिंडीत फोटो काढताना माझ्या गॅरेजची पाटी पुढं धरा. पाटी त्यानं तयारच ठेवली होती. लोखंडी.

आईचं सामान वेगळं. तिनं ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची थप्पी बांधली. ज्यांनी आमच्या भागातली, सोलापूर-उमरगा पट्ट्यातली कडक भाकरी पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं की ती पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते आणि अंगावर पडली तर लागते. सोबत शेंगाची चटणी, शेंगाच्या पोळ्या, आणि 'तिकडच्या जेवणाला चव नसती' म्हणून काळ्या तिखटाची बरणी. बायकोनं माझं सिमकार्ड प्रीपेडचं पोस्टपेड करून आणलं. बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, ही माहिती तिनं माझ्याही आधी काढून ठेवली होती. म्हणजे ज्या एका प्रदेशात मला फोन लागला नसता, तिथंही आता लागणार होता.

निघालो तेव्हा पहाटे मागच्या सीटवर एक गृहस्थ होते. त्यांना येणेगूरला उतरायचं होतं. "तुम्ही त्याच बाजूला चाललात म्हणून," ते म्हणाले. लडाख येणेगूरच्याच बाजूला आहे हे खोटं नव्हतं.

वाटेत जळकोट, अणदूर आणि फुलवाडीचा टोलनाका. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत, कडेच्या बारीक बोळातून जायचं असतं. त्या बोळातून सामानासकट स्प्लेंडर काढणं हे पुढच्या सगळ्या घाटांपेक्षा अवघड गेलं. अणदूरच्या खंडोबाला गाडीवरूनच हात जोडले. या देवाचा आणि प्रवासाचा जुना संबंध. एकच मूर्ती, दोन देवळं. सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. दोन्ही गावांचा त्यासाठी करार आहे, मानपानासकट. करार म्हटला की माझे कान टवकारतात. मला आजवर कुठल्याही पॉलिसीत सव्वा आणि पावणे इतके चोख सांभाळलेले दिसले नाहीत. पण मुद्दा वेगळाच. दोन गावांत अंतर ते किती? गाडीवर चहा निवायच्या आत पोचावं एवढं. तेवढ्यासाठी पालखी, वाजंत्री, दिवट्या, दोन्ही गावची माणसं. आमचा देवसुद्धा नळदुर्गला एकटा जात नाही. मग उमरग्याची माणसं माझ्याकडे तशी का बघत होती ते मला तिथं उमगलं.

मग तुळजापूर. देवीला न भेटता आमच्याकडे कुणी सीमा ओलांडत नाही. तुळजापुरातून ५२ नंबरचा महामार्ग जातो. तो न सोडता सरळ जात राहिलं तर बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत पंजाबातल्या संगरूरला नेऊन सोडतो. आमची माणसं हा रस्ता बीडपर्यंत वापरतात, फार तर शनिशिंगणापूरला वळतात. बाकीचा सगळा पडून आहे. इंदूरचं काय सांगायचं? पोहे खाल्ले, चार जणांनी मराठीत गाव विचारलं, आणि त्यातल्या एकाचे साडू आमच्याच तालुक्यातल्या मुरूमला निघाले.

राजस्थानात पाली ते जोधपूर रस्त्यावर एक ठाण आहे, ओम बन्नांचं. १९८८ साली तिथं झाडाला धडकून एक तरुण गेला. पोलिसांनी त्याची बुलेट ठाण्यात नेली, तर म्हणे सकाळी ती अपघाताच्या जागी परत. टाकी रिकामी करून, साखळीनं बांधूनही परत. आता तीच गाडी काचेत ठेवलेली आहे. लोक हार घालतात, दारूचा नैवेद्य दाखवतात आणि सुखरूप प्रवास मागतात. तिथून जाणारा ट्रकवाला हॉर्न दिल्याशिवाय पुढं जात नाही. मी भाविक आहे, पण विम्याचाही आहे. हात जोडलेले असतानाच मनात फॉर्म उघडला. अपघातग्रस्त वाहन स्वतःहून घटनास्थळी परत येत असेल तर ते 'चोरी' या सदरात टाकायचं की 'मिळाले' या? सर्व्हेअर दोन वेळा पाठवायचा का? आणि दारू पिऊन गाडी चालवली तर आम्ही दावा नाकारतो, इथं गाडीलाच दारू पाजतात. स्प्लेंडर त्या बुलेटशेजारी लावली तेव्हा एका पुजाऱ्यानं तिच्याही हँडलला लाल दोरा बांधला. त्यानं नंबरप्लेट वाचून विचारलं, "एमएच पच्चीस कहां?" मी म्हटलं धाराशिव. त्याला कळेना. मी म्हटलं उस्मानाबाद. तेही कळेना. मी म्हटलं, सोलापूर के पास. त्याचा चेहरा उजळला. "हां हां, चादर!" त्या दिवसापासून मी चादरीवाला झालो. पुढं कुणी विचारलं की सरळ चादरच सांगायचो.

जोधपूरच्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळणारा एक कारागीर भेटला, सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचा. विटा, आटपाडी, खानापूर भागातली ही गलाईवाली मंडळी देशभर पसरलेली आहेत. जिथं सोनार आहे तिथं मागच्या बोळात भट्टी, आणि भट्टीशेजारी मराठी. त्यानं जेवू घातलं. काळं तिखट बघून त्याचे डोळे भरून आले; खाल्ल्यावर पुन्हा भरून आले. निम्मी बरणी तिथं गेली. त्यानं पुढच्या वाटेवरच्या आपल्या पाहुण्यांची यादी दिली, बिकानेर, हिसार, अंबाला. गाव सोडताना येणेगूरपर्यंत एक माणूस मागं बसला होता. आता पंजाबच्या वेशीपर्यंत माझी वाट बघणारे लोक तयार झाले.

जैसलमेरच्या पुढं मात्र रस्ता खरोखर मोकळा लागतो. दोन्हीकडे वाळू, मधे काळी सरळ रेघ, वर पवनचक्क्या. वारा सुटला की वाळू डांबरावर येऊन बसते आणि गाडीचं पुढचं चाक स्वतःचं मत मांडायला लागतं. ऊन उमरग्याच्या माणसाला ऊन वाटलं नाही. जैसलमेरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पाकिस्तानच्या सीमेजवळ तनोट मातेचं देऊळ आहे. १९६५च्या लढाईत देवळाभोवती पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, अशी श्रद्धा. त्यातले काही देवळातच मांडून ठेवलेत. पूजा-अर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. मी ते गोळे बराच वेळ बघितले. एवढ्या जोखमीच्या जागी हप्ता कसा लावायचा याचा काही केल्या मेळ बसेना. आरतीला उभ्या असलेल्या एका जवानानं माझ्या कपाळावरचा तुळजापूरचा मळवट ओळखला. तो बार्शीचा होता. म्हणजे भारत संपतो तिथून थोडं अलीकडे बार्शी लागते. चहा झाला. सोयाबीनचा भाव झाला. शेवटी त्यानं विचारलंच, "एकटेच आलात? का बरं?"

बिकानेर, हिसार करत पानिपतला वळलो ते मामांच्या आज्ञेनं. "एवढं जातोस तर नारळ फोडून ये." १४ जानेवारी १७६१ला जिथं सगळं गेलं, तिथं काला अंब म्हणून स्मारक आहे. मराठी माणूस तिथं गेला की गप्प होतो, मीही झालो. बाहेर रसवंतीवाल्यानं माझी गाडी बघून सांगितलं, "हम भी मराठे हैं." त्या भागातले रोड समाजाचे कितीतरी लोक स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. मराठी येत नाही, उसाच्या रसाचे पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत, त्यावरून त्याच्या मराठेपणाबद्दल मला थोडी शंका आली होती. नारळ फोडला तेव्हा त्यानं खोबऱ्याचा वाटा काढून आपल्या पोराला दिला.

मनालीच्या पुढं ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा, २०२०च्या ऑक्टोबरात उघडलेला. आत शिरलो हिरव्यागार डोंगरातून, बाहेर पडलो उघड्याबोडक्या लाहौलात. पाऊस पलीकडेच राहिला. पुढं तांदीचा प्रसिद्ध पेट्रोलपंप. तिथं पाटी आहे: यानंतरचा पंप ३६५ किलोमीटरवर. म्हणजे उमरग्याहून टाकी भरली तर पुणं ओलांडेपर्यंत पंप नाही असं समजा. पंपावर बुलेटवाले, परदेशी गाड्यांवाले, अंगात चिलखत घातलेले सगळे डबडी भरून घेत होते, गाड्यांना डबडी बांधत होते, आणि एकमेकांशी फार गंभीरपणे बोलत होते. मी टाकी फुल केली आणि शेंगाची पोळी काढली. एकानं हळूच विचारलं, "ये कितना देती है?" आमच्या देशात गाडीविषयी शेवटी खरा प्रश्न हाच असतो. मी खरं उत्तर दिलं आणि त्या डब्यांच्या गर्दीत काही काळ शांतता पसरली.

अर्थात ही शान बारालाचाच्या चढावर गेली. गाडी जुनी, कार्बोरेटरची. उंचीवर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे इंजिनात जळण जास्त आणि प्राणवायू कमी. धूर काळा, ताकद निम्मी. पहिल्या गिअरमध्ये मी तिला 'चल बाई' म्हणत होतो आणि ती ऐकत होती. शेजारून एक ट्रकवाला माझ्या वेगानंच चढत होता. बराच वेळ आम्ही खिडकीतून गप्पा मारल्या. सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या पाट्या वाटेत लागत राहतात: वेगाबद्दल, दारूबद्दल, घरी वाट बघणाऱ्या बायकोबद्दल, सगळं यमकात. माझं अर्ध्या तासाचं भाषण त्यांनी दोन ओळींत बसवलंय. या संघटनेतल्या कितीतरी जवानांचं प्रशिक्षण आपल्या पुण्याजवळच्या दिघीत होतं, हे कळल्यावर यमकांचं मूळही मला कळल्यासारखं वाटलं.

सरचूच्या पुढं गाटा लूप्स, एकवीस वळणं. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आणि सिगारेटी. सांगतात की कधीकाळी एक ट्रक इथं बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, आजारी क्लीनर मागं राहिला, बर्फ पडलं आणि वाट बंद झाली. तो तिथंच गेला. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाणी मागतो म्हणून लोक ठेवतात. मी बाटली ठेवली. सिगारेट ओढत नाही, म्हणून अर्धी कडक भाकरी ठेवली. त्या पोराचं नाव कुणाला माहीत नाही.

पांगच्या पुढं मोरे मैदान, पंधरा हजार फुटांवर चाळीसेक किलोमीटरचं सपाट पठार. फोन बंद. पाहुणा नाही, साडू नाही, चादर नाही. ज्यासाठी घरादाराशी वाद घातला ते अखेर हाती लागलं होतं. मग मी काय करावं? मी मोठ्यानं जीवन विम्याचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. मुदत, बोनस, अपघाती लाभ, करातली सूट. धंद्यात पडल्यापासून पहिल्यांदा मला कुणी मधेच 'सोयाबीन झाल्यावर बघू' म्हटलं नाही. एक रानगाढव थांबून ऐकत होतं. तांगलांगल्याचा चढ सुरू झाला तेव्हा मी नॉमिनेशनवर होतो.

लेहला पोचताक्षणी पोस्टपेड जागं झालं आणि आईनं विचारलं, भाकरी संपली का. तिथल्या कोरड्या हवेत सगळ्या वस्तू वाळून कडक होतात. भाकरीचं काही झालं नाही, तिला आणखी कडक व्हायला जागा नव्हती. पँगाँगला गेलो. १४,३०० फुटांवर निळंशार पाणी, पलीकडे चीनकडचे डोंगर, आणि काठावर घोड्यावर बसलेले छत्रपती शिवाजी महाराज. २०२४च्या डिसेंबरात लष्करानं हा पुतळा उभारला. समोर मुजरा करायला पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे लोक रांगेत होते, दोनतीन जण ढसाढसा रडत होते, एकजण घोषणा देता देता धाप लागून खाली बसला. रांगेतल्या एका काकूंनी मला चकली दिली आणि विचारलं, "एकटाच आलायस? अरे बाळा." आजवर कुठल्या ग्राहकानं माझ्याकडे इतक्या कणवेनं बघितलेलं नाही.

खारदुंगला शेवटी ठेवला होता. या खिंडीची उंची वर्षानुवर्षं पाट्यांवर आणि टी-शर्टांवर १८,३८० फूट लिहिली जायची. मोजणाऱ्यांनी यंत्रं लावून बघितलं तर १७,५८२. सातबाऱ्यावर एक आणि बांधावर एक, तसलाच प्रकार. त्यात २०२१ साली १९,०२४ फुटांवरच्या उमलिंगल्याच्या रस्त्याची विक्रमात नोंद झाली आणि खारदुंगल्याचा सांगण्यापुरता पहिला नंबरही गेला. फोटोची रांग मात्र तेवढीच आहे. मी मेस्त्रीची लोखंडी पाटी काढली. बर्फाळ वाऱ्यात ती हातात धरवत नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय करलालास रे?"

वळून बघितलं तर एमएच चोवीस. लातूर. सगळं कुटुंब गाडीत, कानटोप्यांत. पाटीवर उमरगा वाचून ते गृहस्थ खाली उतरले. १९८२ साली आमच्या जिल्ह्यातून लातूर वेगळं काढलं, त्या वाटणीचा विषय दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांना बघितलं की आपोआप आठवतो. पण या उंचीवर प्राणवायू खालच्या मानानं निम्माच. लांब वाक्यं जमत नव्हती.

"रेल्वे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"आम्हाला... आहे. बोगीचा... कारखाना पण."

मी श्वास गोळा केला. "पाणी?"

ते गप्प. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आणि हे सांगायला मला एवढ्या उंचीवर दोन श्वास लागले. त्यांनी 'लातूर पॅटर्न' म्हणायला तोंड उघडलं, 'लातूर' एवढंच बाहेर आलं. मागं फोटोची रांग वाढत होती. शेवटी एक जवान आला आणि आमच्या दोघांचे दंड धरून म्हणाला, "इथं पंचवीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही. भांडायचं असेल तर साउथ पुल्लूला जाऊन भांडा, तिथं जरा हवा आहे." तो हे शुद्ध मराठीत म्हणाला. आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "तुम्ही कुठले?" तो छाती पुढं काढून म्हणाला, "परभणी." आणि रांग, वारा, पंचवीस मिनिटं सगळं विसरून त्यानं आम्हाला जगात जर्मनी कुठं आहे ते सांगायला घेतलं.